गळ्यातली नळी आणि गंगेचा गडू

माझ्या खालच्या जबड्याचा उजवा अर्धा भाग नागपूरच्या इस्पितळात राहिला. उरलेल्या अर्ध्यावर मी जेवतो, बोलतो आणि खामगावच्या एका शाळेत नोकरी करतो. माझे बोलणे अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. ओठ पुरते मिटत नाहीत, त्यामुळे प, ब, म ही अक्षरे तोंडातून निसटून जातात. म्हणून लिहून सांगतो आहे.

आमच्या भागात कोणाला तोंडाचा हा रोग निघाला आणि घरचे ऑपरेशनला कचरू लागले, की डॉक्टर त्यांना माझ्याकडे पाठवतात. “त्या मास्तरांचे तोंड पाहून या, मग ठरवा,” असे सांगतात. लोक येतात, ओसरीवर बसतात. मी गळपट्टा सोडून दाखवतो. बायका तोंडाला पदर लावतात. मागे सुलतानपूरचे एक गृहस्थ आपल्या थोरल्या भावाला घेऊन आले होते. त्या भावाने माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि माझ्यासमोरच म्हणाला, “ह्याच्यापेक्षा मेलेलं काय वाईट?” मला राग आला नाही. मीही आरशासमोर तेच म्हणालो होतो. तो ऑपरेशनला गेला नाही. पुढे तो कसा गेला ते त्याच्या भावाने येऊन मला सांगितले. ते मी इथे लिहीत नाही.

येणारे सगळे तेच तेच विचारतात. दुखते का, जेवता येते का, लोक हसतात का. मला जी गोष्ट सर्वांत आधी सांगावीशी वाटते ती कोणीच विचारत नाही. ती पाण्याची आहे.

खिडकीपाशी

आम्ही धामणगाव बढ्याचे माळी. विहिरीवर मोट, मोटेखाली मिरची आणि वांगी. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बाने मला शिकवले. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हते, पण मी वाचत बसलो की तो बैलांनासुद्धा हळू आवाजात हाकायचा. अमरावतीच्या कॉलेजातून मी बी. ए. झालो तेव्हा त्याने गावात कोणाला काही सांगितले नाही. नवे पागोटे बांधून बाजारातून एकदा फिरून आला, एवढेच.

तंबाखू मी मोटेवर शिकलो. पहाटे झोप येऊ नये म्हणून चुन्याबरोबर मळायची आणि उजव्या गालात धरायची. पुढे तीच सवय अभ्यासाला कामी आली. रोग तिथेच निघाला, बरोबर त्याच जागी.

आधी एक पांढरा डाग होता. मग जखम झाली, मग दात हलू लागला. बाजारातल्या न्हाव्याने दात उपटला, तर खड्डा भरेना. गाल सुजला तेव्हा मायने बाहेरून बिब्बा लावला. तो इतका उतला की आतले दुखणे बरे म्हणायची पाळी आली. शेवटी थोरला भाऊ, किसनभाऊ, मला बुलढाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी मला खिडकीपाशी उभे केले, तोंडात बोट घालून पाहिले, हात धुतले. मग विचारले, “मास्तर, शिक्षण कुठवर झालंय?”

“बी. ए.”

“मग तुम्हांलाच सांगतो. नाहीतर तुमच्या भावाला आत बोलावलं असतं.”

माझ्या पदवीला इतका मान तोवर कोणी दिला नव्हता. त्यांनी सरळ सांगितले. हा कॅन्सर आहे. हाडात शिरला आहे. जबडा अर्धा काढावा लागेल, मानेतल्या गाठीही. “नाही काढला तर रोगाआधी भुकेनं जाल. आज तुमच्या तोंडात दोन बोटं जातात. पुढे एक जाईल. मग चमचा जाणार नाही.” मी त्यांचा आजही ऋणी आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, आपण अडाणी असतो तर हे ऐकायला भाऊ असता.

परतीच्या मोटारीत भाऊने विचारले, “काय म्हने डाक्टर?”

मी सांगितले. मोताळ्याच्या आसपास तो म्हणाला, “मंग मानूस भाकर कायनं खाते?”

“खात नाही.”

भाऊने माझ्यासाठी घेतलेली फुटाण्यांची पुडी हातातच होती. ती त्याने हळूच खिशात टाकली.

बाला आम्ही सांगितले, हाडाला कीड लागली आहे. त्याला ते लगेच पटले. “किडलेली फांदी तोडाच लागते बाप्पा,” म्हणाला. “झाड तं राह्यते.”

नळी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठ्या सर्जननी मला, भाऊला आणि माझ्या बायकोला, द्वारकेला, जवळ बसवून समजावले. तोंडात सूज येईल, श्वास अडकेल, म्हणून गळ्याला पुढून भोक पाडून एक धातूची नळी बसवू. श्वास तिथून चालेल. आवाज निघणार नाही. जेवण नाकातून घातलेल्या रबरी नळीने पोटात जाईल. आणि शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले, “आम्ही म्हणेपर्यंत तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. गिळण्याची वाट अजून नीट नसेल. प्यायलेलं पोटात न जाता छातीत जाईल.”

द्वारकेने ते पक्के धरले. भाऊ मिरचीच्या तोडणीसाठी गावी परतला. बा म्हातारा, दम्याचा. तो नागपूरला येईल असे कोणाच्या मनातही नव्हते.

शुद्धीवर आलो तेव्हा आधी चेहरा कळलाच नाही. एक जड, गरम ओझे कोणी तरी उशीवर ठेवले आहे असे वाटले. ते ओझे म्हणजे मीच होतो. लाळ सारखी गळत होती आणि ती मला कळत नव्हती. झोपेत नळी उपटू नये म्हणून डावा हात खाटेला फडक्याने बांधला होता. उजवा मोकळा, कारण छातीवर पाटी-पेन्सिल ठेवली होती. इतकी वर्षे पोरांच्या हातात पाटी दिली. आता माझ्याजवळ बोलायला तेवढीच उरली होती.

वॉर्डाची एक रीत होती. सकाळी फिनेलचा वास, मग मलमपट्टी, मग सल्फाची पूड, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ड्रेसिंगची गाडी दाराशी वाजली की आमच्या रांगेतले सगळे डोळे मिटून घ्यायचे, जणू झोपलेल्याला सोडून देतील. सोडत नसत.

रूथबाई म्हणून एक नर्स होत्या. छत्तीसगढकडच्या, ख्रिस्ती, जाड आवाजाच्या. त्या हिंदी-मराठी मिसळून बोलत. नळीत कफ साठला की श्वासाबरोबर आत घरघर वाजायची. त्या धावत येत, नळीच्या आतली नळी काढून धूत आणि परत बसवत. “घबराओ मत मास्टर. हे तुमचं इंजन आहे. इंजन आवाज करणारच.”

तहान मात्र कोणाला धुऊन काढता येत नव्हती. समोरच्या भिंतीशी पाण्याचा माठ होता. येणारा-जाणारा ओघराळे बुडवायचा आणि गटागटा प्यायचा. पोट रबरी नळीतल्या दुधाने भरलेले आणि जीभ वाळलेल्या चामड्यासारखी. द्वारका फडके भिजवून, पिळून पिळून कोरडे करून ओठांना लावायची. मी ते चोखायला बघायचो आणि ती काढून घ्यायची. एकदा मी चिडून पाटीवर लिहिले, “तू कसाई आहेस.” तिला थोडे वाचता येत होते, मीच शिकवले होते. तिने ते वाचले, पाटी पुसली आणि परत माझ्या छातीवर ठेवली.

पुंजाजी

शेजारच्या खाटेवर वरवट बकालचे पुंजाजी होते. त्यांच्या घशातच गाठ होती. ती काढण्यापलीकडे गेली होती, पण श्वास चालावा म्हणून त्यांनाही गळ्यात नळी बसवली होती. बोलता दोघांनाही येत नव्हते. तरी आमची मैत्री झाली. ते मला बोटांनी दाखवायचे, आज नळीतून दूध, आज अंडे. अंडे असले की तोंड वाकडे करायचे. माळकरी माणूस.

त्यांची बहीण कौसाबाई त्यांच्याजवळ राहायची. मोठ्या मायेची बाई. द्वारका अंघोळीला गेली की माझ्या अंगावरच्या माशा तीच वारायची.

एका दुपारी पुंजाजींची नळी वाजू लागली. रूथबाई दुसऱ्या टोकाला कोणाची पट्टी सोडत होत्या. कौसाबाई उठली, भावाजवळ कान नेला. आमच्याकडे गावात मरणाऱ्याला घरघर लागते, हे लहान पोरालाही माहीत असते. घरघर लागली की वेळ थोडा आहे, आणि तोंडात पाणी पडल्याशिवाय माणूस जाऊ नये. कौसाबाईला यात विचारायचे असे काही नव्हतेच.

“बाई वं, याले घरघर लागली!” ती म्हणाली, आणि कमरेच्या बटव्यातून गंगाजळाची कुपी काढली, तुळशीचे पान त्यांच्या ओठावर ठेवले. मग पाणी ओतले. थेंबभर नाही, चांगले तोंडभर. शेवटचे म्हणून कमी कशाला द्यायचे?

मी पाटी खाटेच्या लोखंडावर आपटत होतो. पुंजाजी पाण्याखाली धरल्यासारखे तडफडले. पाणी नळीतून उडाले, त्यात रक्त होते. रूथबाई धावत आल्या. पायाने चालवायच्या पंपाने त्यांनी काय काय ओढून काढले. पुंजाजी तेव्हा वाचले. मग ताप चढला, छाती भरली, आणि दोन-तीन दिवसांनी ते गेले.

कौसाबाई रडली, पण तिला समाधान होते. द्वारकेचा हात धरून ती म्हणाली, “बरं झालं माय, म्या टायमावर पानी देल्लं. तोंडात गंगा पडली याच्या. नाई तं ह्या दवाखान्यात कोन देते?”

द्वारकेने तिला खरे सांगितले नाही. मी पाटीवर लिहायला घेतले होते. द्वारकेने माझ्या हातावर हात ठेवला. आजही मला ते बरोबर वाटते. मेलेल्या भावाची बहीण होती ती.

जाताना कौसाबाई माझ्या खाटेशी थांबली. माझी नळी तेव्हा जरा वाजतच होती. तिने ऐकले, डोळ्यांना पदर लावला आणि गेली. मलकापूर स्टेशनवर उतरल्यावर, धामणगावच्या एका गाडीवाल्याजवळ तिने निरोप दिला. मास्तराले घरघर लागली, त्याच्या बापाले म्हना उशीर नोको करू.

हे तिने आमच्या भल्यासाठी केले. हे मी कधीच विसरत नाही.

बा

भेटीची वेळ दुपारी असे. एका रोग्याला एका वेळी एकच माणूस. द्वारका धर्मशाळेत मुगाचे पाणी शिजवायला गेली होती. दारात पागोटे दिसले. आधी वाटले, तापात दिसते आहे.

बा आला. भाऊ बरोबर होता, पण फाटकावरच्या माणसाने दोघांना सोडले नाही, म्हणून भाऊ बाहेर राहिला. बाचे धोतर ओले होते. इस्पितळाच्या नळाखाली अंघोळ करून आला होता. तो खाटेशी उभा राहिला. माझे तोंड तो पहिल्यांदाच पाहत होता. पट्ट्यांतून जेवढे दिसत होते तेवढे त्याने पाहिले. मग खाली वाकून माझ्या गळ्याजवळ कान नेला.

नळी वाजत होती.

बा रडला नाही. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. “महादेवा, मी आलो बे. भेऊ नोको.”

मग त्याने गाठोडे सोडले आणि मला गडू दिसला.

तो तांब्याचा गडू आमच्या देव्हाऱ्यात माझ्या जन्माच्या आधीपासून होता. माझा आजा पायी काशीला गेला होता, तिथून त्याने तो गंगेच्या पाण्याने भरून आणलेला. तोंडाला कथलाचा डाक देऊन बंद केलेला. आजा स्वतः शेतात अचानक गेला, तेव्हा गडू फोडायला वेळ मिळाला नव्हता. म्हणून तो बासाठी ठेवलेला होता. दिवाळीला माय त्याला चिंचेने घासायची आणि बा मुलांना दटावायचा, “हात नोका लावू बे. थे माह्यं हाये.”

बाने अडकित्ता काढून डाक उचकटला. “मी जाईन तवा मले लागन म्हनून ठुला व्हता,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी रोजचा होता, विहिरीवर बोलतो तसा. “तुह्या कामी आला. काय करतं आता.”

मी पाटीवर लिहिले. मोठ्या अक्षरांत लिहिले, पोरांना शिकवतो तशी एकेक अक्षर सुटे. “पाणी नको. मी मरत नाही.” आणि पाटी त्याच्यासमोर धरली.

बाने पाटीकडे पाहिले. मान हलवली. “हाव, हाव,” तो म्हणाला. “देवाचं नाव लिवलं ना? बेस केलं. लिव बाप्पा, लिव.”

मी मान हलवायला गेलो, ती पट्ट्यांनी जखडलेली होती. तोंड मिटायला गेलो. जबडा अर्धा, ओठ शिवलेला, ते मिटेना. रूथबाई कुठे दिसत नव्हत्या. बाने एका हाताने माझी हनुवटी धरली, म्हणजे जिथे हनुवटी होती तिथे, आणि दुसऱ्याने गडू वाकवला. पाणी ओठावर पडले. इतक्या तहानेनंतरचे ते पहिले पाणी. गार होते. एक क्षण मला ते हवे होते, हे मी खोटे कशाला सांगू?

मग पुंजाजी आठवले आणि मी हात उगारला. हातात पाटीच होती. तीच मी मारली.

पाटीची लाकडी चौकट त्याच्या मनगटावर बसली. गडू खाली पडला, घरंगळत भिंतीपर्यंत गेला. पाणी फरशीवर पसरले. आत गेलेल्या दोन-चार थेंबांनी मला ठसका लागला आणि नळीतून फसफसून कफ उडाला. तो बाच्या पागोट्यावर गेला.

बाने आधी माझ्याकडे पाहिलेच नाही. तो खाली बसला आणि उपरण्याने फरशीवरचे पाणी टिपू लागला. टिपून ते माझ्या तोंडात पिळावे म्हणून उठला, तेवढ्यात रूथबाई आल्या. त्यांनी त्याचा हात धरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडल्या, “बुड्ढे, मारना है क्या लडके को?”

“मी बाप हाये त्याचा,” बा म्हणाला.

“बाप है तो बाहर बैठ!”

वॉर्डबॉय त्याला दंडाला धरून दारापर्यंत घेऊन गेला. दारात बा वळला. मनगटातून थोडे रक्त आले होते, ते त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरले होते. फरशीवर उरलेले पाणी झाडूवालीने फिनेलच्या फडक्याने पुसून घेतले.

भाऊने त्याला बाहेर निंबाखाली सगळे समजावले. नळी म्हणजे काय, पाणी छातीत कसे जाते. द्वारकेनेही समजावले. बा ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी एवढेच बोलला, “मले थे समजलं. पन त्यानं मारलं.” त्याच दिवशीच्या गाडीने तो परत गेला. रिकामा गडू बरोबर नेला.

ज्यांच्या घरात असे ऑपरेशन होणार आहे, त्यांना मी इथे थांबून सांगतो. नळी वाजते, ती मरणाची घरघर नाही. आणि ही गोष्ट फक्त जवळ राहणाऱ्याला सांगून भागत नाही. जो येणार नाही असे तुम्हांला वाटते, त्यालाच आधी सांगा. जो तुमच्यावर सगळ्यांत जास्त माया करतो, त्याला आधी सांगा. तोंड आहे तोवर, स्वतःच्या तोंडाने सांगा. नंतर लिहून उपयोग नाही.

पहिला घोट

सूज उतरली, नळी काढली, गळ्याचे भोक आपोआप मिटत आले. रूथबाईंनी मला गिळायला शिकवले. मान खाली, श्वास रोख, गिळ, खोक. आधी दह्याचा चमचा. तो गेला. मग एक दिवस त्यांनी माठातले पाणी चमच्याने दिले. ते गेले. मी रडलो आणि त्या रागावल्या, कारण रडताना गिळता येत नाही.

हे द्वारकेने कौतुकाने घरी कळवले. माय हरखली म्हणे. बा ओसरीवर बसला होता, तो म्हणाला, “त्या बाईच्या हातचं पेला. आपल्या बापाच्या हातचं नाई.”

उरलेले

शाळेने मला काढले नाही, याबद्दल मी हेडमास्तरांचा आभारी आहे. वर्ग मात्र काढून घेतला. हजेरी घेताना ‘प्रभाकर’ म्हणायला मला जो वेळ लागायचा, तेवढ्यात सगळा वर्ग तोंड वाकडे करून तसेच म्हणायचा. आता मी पुस्तकांच्या कपाटांशी असतो. पोरे पुस्तक मागायला येतात तेव्हा खिडकीतून बोट दाखवतात, बोलत नाहीत. जणू मुका मी एकटाच नसून तेही आहेत.

लग्नाच्या पंगतीत मी बसत नाही. आमच्यात शेवटच्या माणसाचे जेवण झाल्याशिवाय कोणी पानावरून उठत नाही. एकदा मी बसलो होतो. एक पुरणपोळी दुधात कालवून, मान तिरपी करून, थोडी थोडी गिळत होतो आणि सगळी रांग हात वाळवत बसली होती. माझ्या लाळेकडे पाहू नये म्हणून सगळे मांडवाकडे पाहत होते. आता लोक आग्रह करतात, “बसा ना मास्तर.” मी नाही म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले मला दिसते.

घरी द्वारका माझ्या उजव्या बाजूला बसते, जी बाजू नाही तिथे. जेवताना मधूनच, न बघता, पदराने माझी हनुवटी पुसते आणि बोलणे चालू ठेवते. देवाने मला एवढे ठेवले, हे फार आहे.

गावी गेलो की बा ओसरीवर असायचा. बाहेरून आलेल्याला पाण्याचा तांब्या हातात द्यायचा, ही त्याची जुनी सवय. पाहुणा असो, गाडीवान असो, तो स्वतः उठून द्यायचा. मी आलो की तो उठायचा, तांब्या भरायचा आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवून आत जायचा. हातात त्याने मला पुन्हा कधी दिला नाही. माय म्हणायची, “काऊन असं करता जी?” तो म्हणायचा, “त्याले हातचं चालत नाई.”

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. पण ‘बा’ हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून आता ‘हा’ असा निघतो. पुढचे त्याला काय कळणार? माझे बोलणे घरातल्या सगळ्यांना समजू लागले होते. तो एकटा भाऊकडे वळून विचारायचा, “काय म्हनते थो?”

गडू

थंडीत बाचा दमा बळावला. निरोप आला आणि मी व द्वारका धामणगावला गेलो. तो बोलत नव्हता, पण डोळे उघडे होते. छाती वाजत होती. ही घरघर होती. ही मला नीट ओळखू येत होती.

मायने देव्हाऱ्यातून गडू काढला. काठाला इस्पितळातल्या फरशीचा पोचा तसाच होता. आत काही नव्हते. भाऊने तो आमच्या विहिरीच्या पाण्याने भरला, तुळशीचे पान टाकले, पळी काढली. रीतीने आधी थोरल्याने द्यायचे. भाऊने पळी माझ्या हातात दिली. “महादेवा, तू दे पह्यले.”

त्याच्या मनात काय होते ते मला कळले. घरातल्या सगळ्यांनाच कळले.

मी बाजवळ बसलो. त्याचे मनगट गोधडीबाहेर होते. पाटीच्या चौकटीचा व्रण पांढरा पडला होता. मी म्हणालो, “बा.” जसे निघाले तसे निघाले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी पळी ओठांना लावली.

दात मिटलेले होते. मी थांबलो. पळी थोडी वाकवली. पाणी मिशीवरून कानाकडे ओघळले. मी पुन्हा भरली, पुन्हा लावली. ते पाणीही उशीवर गेले. बा माझ्याकडेच पाहत होता.

भाऊने माझ्या हातातून पळी काढून घेतली, वाकला, म्हणाला, “बा, म्या किसना.” बाचे तोंड उघडले. पाणी आत गेले. कंठमणी वर झाला, खाली आला. भाऊने दुसरी पळी दिली. तीही गेली. त्याच्या गळ्यात नळी नव्हती. पाणी जिथे जायचे तिथे सरळ गेले. थोड्या वेळाने छाती वाजायची थांबली.

तिसऱ्या प्रहरी सगळे उरकून आम्ही विहिरीवर अंघोळ करत होतो. भाऊ माझ्या अंगावर पाणी ओतत होता. ओतता ओतता म्हणाला, “दातखीळ बसली व्हती त्याची जराशीक. तुह्या येळेले. मंग सुटली.”

मी “हाव” म्हणालो. भाऊला ते कळले.

जबडे मला आता ओळखू येतात. दातखीळ बसलेला कसा दिसतो आणि मिटून धरलेला कसा दिसतो, हे मला कोणी सांगायला नको.